‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध गोळा करायला, भाजी बाजार समितीत न्यायला, मसाला-पापडाचे खोके तालुक्याला पोचवायला आता बऱ्याच गटांनी डिझेल पिकअप किंवा जीप घेतली आहे. गाडी गटाच्या नावावर, हप्ता गटाच्या खात्यातून, आणि चालवणारा कधी कुणाचा भाऊ, कधी भाचा, कधी आपल्यातलीच एखादी. गाडी नीट चालते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस ती चढावर ओढेनाशी होते, मागून धूर निघतो, बॉनेटखालून शिट्टी ऐकू येते. गॅरेजात मिस्त्री सांगतात, “टर्बो गेला, बदलावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून सगळ्याजणी एकमेकींकडे बघतात.

मिस्त्री खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. खूपदा टर्बो खरंच खराब झालेला असतो. पण टर्बो सहसा आपणहून मरत नाही. त्याला ऑइल कमी पडलं, घाण ऑइल मिळालं, ऑइल खाली उतरायची वाट तुंबली, किंवा हवेबरोबर धूळ-खडा आत गेला, म्हणून तो मरतो. ते कारण शोधलं नाही, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. कधी तर टर्बो चांगलाच असतो आणि दोष शेजारच्या एखाद्या पाइपचा निघतो. म्हणून आज आपण गाडीचं ऑइल, धूर आणि आवाज यांवरून दुखणं कसं ओळखायचं ते बघू. दुरुस्ती मिस्त्रीच करतील. पण पैसे आपले आहेत, तेव्हा काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं.

टर्बो करतो तरी काय?

चूल नीट पेटायला फुंकणीने हवा घालतो, तसंच इंजिनाचं आहे. डिझेल जळायला हवा लागते. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. टर्बो हवा दाबून आत भरतो, म्हणजे त्याच इंजिनात जास्त डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते अल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आज आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या डिझेल पिकअप आणि जीपगाड्यांत टर्बो असतो.

एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन भिंगऱ्या आहेत असं समजा. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका भिंगरीला फिरवतो. तिच्यामुळे दुसऱ्या टोकाची भिंगरी फिरते आणि एअर फिल्टरमधून आलेली ताजी हवा दाबून इंजिनाकडे ढकलते. हा दांडा जोरात असताना मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. आपला मिक्सर अठरा-वीस हजार फेरे घेतो, त्यावरून अंदाज करा. एका टोकाला शेकडो अंशांचा धूर आणि इतका वेग, अशा ठिकाणी तो दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल त्याला वंगण देतं आणि थंडही ठेवतं. वरून एका बारीक पाइपातून ऑइल दाबाने येतं आणि खालच्या जाड पाइपातून आपल्या वजनाने इंजिनाच्या चेंबरमध्ये परत उतरतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टर्बोत रबरी सील नसतं, कारण तेवढ्या उष्णतेत रबर टिकणार नाही. दांड्याच्या दोन्ही टोकांना धातूच्या बारीक रिंगा असतात. दोन्ही भिंगऱ्यांकडचा हवेचा आणि धुराचा दाब ऑइलला आत ठेवायला मदत करतो. त्यामुळे एअर फिल्टर चोंदला की भिंगरीकडून ओढ लागते आणि ऑइल बाहेर खेचलं जातं. खालचा पाइप तुंबला की मोरी तुंबल्यावर पाणी वर येतं तसं ऑइल दोन्ही टोकांनी बाहेर येतं. इंजिनाच्या पोटात दाब वाढला तरी तेच होतं. टर्बो ऑइल सोडतोय म्हणजे टर्बोच खराब, असा हिशेब म्हणूनच चुकतो.

सगळ्यात आधी पट्टी

तपासाची सुरुवात डिपस्टिकपासून करायची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीपासून. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवं. काही गाड्यांची रीत वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

पातळी दर आठवड्याला कमी होत असेल तर ऑइल एकतर बाहेर गळतंय किंवा आत जळतंय. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग दिसला तर गळती आहे, आणि कुठल्या जागेखाली आहे तेही कळतं. पण चालत्या गाडीतच गळणारं ऑइल पुठ्ठ्यावर दिसत नाही. म्हणून इंजिनाच्या अंगावर, टर्बोच्या खालच्या पाइपाभोवती ओलसर काळी धूळ चिकटली आहे का तेही बघा.

पातळी वाढत असेल तर खूश होऊ नका. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळतंय. पट्टीला डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं, तर डिझेल मिसळतंय. इंजेक्टर गळत असेल तर असं होतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडतं. गाडी सारखी जवळच्या जवळ फिरली की ही सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. या दोन्ही वेळा गाडी चालवत राहू नका. ऑइलचा थर पातळ झाला की आधी टर्बोचा दांडा घासतो.

ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतणंही वाईट. चेंबर भरलेलं असेल तर टर्बोतलं ऑइल खाली उतरायला जागा उरत नाही. “थोडं जास्तच टाका,” हा उदारपणा इथे नको.

आणि चालत्या गाडीत ऑइलच्या किटलीचं लाल चिन्ह लागलं, तर तिथेच बाजूला थांबून इंजिन बंद करा. “गाव दोन किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊ” असं म्हणून पुढे गेलेल्या गाडीचं टर्बोच काय, इंजिनही जाऊ शकतं.

धूर कोणत्या रंगाचा, आणि कधी?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण कुठून येऊन जळतंय ते वेळेवरून कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच भपकन निळा धूर आला आणि लगेच थांबला, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हची सीलं झिजलेली असतात. चालताना, जोर देताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवली आणि मग रेस दिल्यावर निळ्या धुराचा लोट आला, तर टर्बो ऑइल सोडतोय अशी शंका येते. तरी व्हॉल्व्हची सीलंही असं करू शकतात, म्हणून पुढची तपासणी हवी.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय, हवेचा होज पाइप फाटलाय किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय. इथे ऑइलचा संबंध सहसा नसतो. काळा धूर आणि गाडी ओढत नाही, एवढ्यावरून कुणी टर्बो बदलायला सांगितलं तर आधी होज पाइप बघायला सांगा.

थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसणं साधं आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावं लागतं. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय.

बीएस ६ गाडीत फिल्टर बराचसा धूर अडवतो. म्हणून धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं धरू नका. तिथे पट्टीच खरं सांगते.

आवाज ऐकताना

आवाज ऐकायला बॉनेट उघडाल तेव्हा पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. पंखा आणि पट्टा फिरत असताना हात आत घालू नका. टर्बोचा पाइप काढलेला असताना चालू इंजिनाजवळ तर जाऊच नका. ती भिंगरी बोटं तोडते.

प्रत्येक टर्बोला बारीक शिट्टी असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढते. ती पहिल्यापासून तेवढीच असेल तर काळजी नको. बदल झाला तर लक्ष द्या.

शिट्टी वाढत जाऊन सायरनसारखी चिरकी झाली, तर भिंगरीची पाती वाकली असतील किंवा घराला घासत असतील. धातू घासल्याची खरखर आली तर दांड्याचं बेअरिंग संपलंय. अशा वेळी गाडी टोचन लावून न्या. तुटलेलं पातं इंजिनात गेलं तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

जोर देताना फुस्स किंवा सूं असा हवा सुटल्यासारखा आवाज, सोबत काळा धूर आणि चढाला दम नाही, ही फाटलेल्या होज पाइपची किंवा ढिल्या क्लिपची लक्षणं आहेत. जोडाजवळ तेलकट काळा फवारा उडालेला दिसतो. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो, तसं मिस्त्री पाइपात थोडी हवा भरून वरून साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे येतील तिथे भोक. ही दुरुस्ती टर्बोच्या मानाने किरकोळ खर्चाची असते.

थंड इंजिन चालू केल्यावर चिक-चिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तेव्हा धुराच्या बाजूचं गॅस्केट फुंकत असण्याची शक्यता असते. तिथे काजळी दिसते. इंजिनाच्या वरच्या भागातून हलकी टक-टक येते ती टॅपेटची. आधी ऑइलची पातळी बघा. पण खालून, जोर देताना जड ठक-ठक येत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. तिथे एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.

मिस्त्रींना सांगताना नुसतं “आवाज येतो” असं सांगू नका. थंड असताना की गरम असताना, उभ्या गाडीत की चढावर, गियर बदलताना की सोडताना, हे सांगा. फोनवर आवाज भरून नेला तर आणखी चांगलं.

गॅरेजात काय बघायला सांगायचं?

पहिलं, ब्रीदर पाइप. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी ही वाट. ती तुंबली की पोटात दाब वाढतो. मिस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइल ओतायचं झाकण उलटं करून भोकावर ठेवतात. ते थोडं थरथरलं तर चालेल. ते उडून पडलं आणि खालून धुराचे भपके आले, तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. यापैकी काहीही असलं तर नवा टर्बो बसवूनही ऑइल येतच राहणार. ही तपासणी मिस्त्रींनाच करू द्या, कारण काही इंजिनांत गरम ऑइल उडतं.

दुसरं, टर्बोच्या आधीचा आणि नंतरचा हवेचा पाइप, दोन्ही उघडून दाखवायला सांगा. पाइपात ऑइलचा पातळ हात फिरवल्यासारखा थर असतोच, तो ब्रीदरमधून येतो. टर्बोच्या आधीच्या पाइपातच ऑइल साचलं असेल तर ते ब्रीदरकडून आलंय. आधीचा पाइप कोरडा आणि नंतरचा भरलेला असेल तर ते टर्बोतून आलंय. धुराच्या बाजूलाही असंच. टर्बोच्या आधीची, म्हणजे इंजिनाकडची वाटच तेलकट असेल तर दोष इंजिनात आहे.

तिसरं, दांड्याची हालचाल. इंजिन बंद आणि थंड असताना मिस्त्री बोटाने दांडा हलवून बघतात. बाजूला किंचित हलणं साधं आहे, कारण तो ऑइलवर तरंगण्यासाठीच बनवलेला असतो. आत-बाहेर हलत असेल, किंवा पाती घराला टेकत असतील, तर टर्बो खरंच संपला. घासल्याच्या चकचकीत रेघा डोळ्यांनी दिसतात. त्या दाखवायला सांगा. “आम्हाला बघायचंय” म्हणण्यात संकोच कसला? गाडी आपली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गटाची दुधाची पिकअप आहे. महिन्याला दोन वेळा ऑइल घालावं लागतंय, चढावर दम नाही, मागून काळा धूर आहे. मिस्त्री म्हणाले टर्बो बदला. गटाने क्रमाने विचारलं. धूर काळा आहे, मग हवा कमी पडतेय. होज पाइप बघितला, क्लिपजवळ चीर निघाली. मग ऑइल कुठे जातंय? टर्बोआधीच्या पाइपात ऑइल साचलेलं, म्हणजे ते ब्रीदरकडून आलं. ब्रीदर चिकट गाळाने भरलेला, कारण ऑइल बदलायची मुदत कधीच उलटून गेलेली. दांडा हलवून बघितला, तो ठीक. इथे दुखणी दोन होती आणि टर्बोचं त्यात एकही नव्हतं. होज पाइप, ब्रीदरची सफाई, नवं ऑइल आणि फिल्टर एवढ्यात गाडी उभी राहते. पुढचा महिनाभर पट्टी बघत राहायची. ऑइल तरीही कमी होत राहिलं तर मग रिंगांचा विचार.

टर्बो बदलावाच लागला तर

जुना टर्बो हातात घ्या आणि तो कशामुळे गेला ते विचारा. नवा बसवताना ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे हवेत. ऑइल आणणारा बारीक पाइप शक्यतो नवाच घ्यावा, कारण आत जळून घट्ट झालेलं ऑइल धुऊन पूर्ण निघत नाही. उतरायचा पाइप आणि ब्रीदर साफ हवेत. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल आणि तुटके तुकडे काढलेच पाहिजेत, नाहीतर ते सरळ इंजिनात जातात. ऑइलच्या जोडांवर डिंकासारखं सीलंट लावू देऊ नका. ते आत सुटून ऑइलची वाट बुजवतं. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी नव्या टर्बोत थोडं ऑइल घालायला सांगा. बिल लेखी घ्या, त्यावर वॉरंटी लिहून घ्या.

एक धोक्याची गोष्ट. टर्बोतून फार ऑइल हवेच्या वाटेत गेलं तर डिझेल इंजिन तेच ऑइल जाळून आपोआप धावायला लागतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढत जातो. चालवणारीने ब्रेक गच्च दाबायचा, क्लच दाबून सगळ्यात वरचा गियर टाकायचा आणि क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा, बॉनेटजवळ जाऊ नका.

चालवणाऱ्याला सांगायच्या गोष्टी

सकाळी इंजिन चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबावं आणि लगेच रेस देऊ नये, म्हणजे ऑइल टर्बोपर्यंत पोचतं. घाट चढून किंवा भरल्या गाडीने दूरवर आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करावं. बंद करण्याआधी एकदा जोरात रेस द्यायची अनेक ड्रायव्हरांची सवय असते, ती मोडायला हवी. रेस देऊन किल्ली फिरवली की ऑइल येणं थांबतं आणि दांडा मात्र कोरडाच गरगरत राहतो. उष्णतेने आत उरलेलं ऑइल करपतं, कढईच्या बुडाला तेल करपतं तसं.

ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घ्या. ऑइल वेळेवर बदला, फिल्टरसह. उसाच्या फडातल्या आणि कच्च्या रस्त्यांच्या धुळीत गाडी फिरत असेल तर एअर फिल्टर मुदतीच्या आधीच बदलावा लागतो.

आणि हिशेबाच्या वहीत शेवटची दोन पानं गाडीला द्या. दर आठवड्याला तारीख, किलोमीटर, पट्टीवरची पातळी, किती ऑइल घातलं, काही नवा आवाज किंवा धूर, एवढंच लिहायचं. बचतीच्या नोंदी आपण वर्षानुवर्षं न चुकता ठेवतो, त्यात ही एक ओळ जड नाही. तीन महिन्यांनी ती वही घेऊन गॅरेजात गेलात, तर मिस्त्रींनाही दुखणं लवकर सापडेल आणि तुमच्याशी बोलायची त्यांची पद्धतही बदलेल.

येत्या बैठकीला गाडी दारात उभी करा. प्रत्येकीने एकदा पट्टी काढून, पुसून, बघून घ्या. ज्यांना पट्टी कुठे असते तेच माहीत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा.